टीव्ही बिघडलाय? दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे ठरवण्याचा सोपा हिशोब

वळवाच्या पावसात वीज कडाडते, लाइट जाते, पुन्हा येते आणि टीव्ही मात्र लागत नाही. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत असे प्रसंग अनेक घरांत येतात. मग दोन सल्ले ऐकायला मिळतात. शेजारी म्हणतात, "आता दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या." दुकानदार म्हणतो, "हप्त्यावर घेऊन जा." यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या कुटुंबासाठी मात्र नवा टीव्ही म्हणजे एक-दोन महिन्यांची कमाई. त्यामुळे हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही.

बिघाड नेमका कुठला आहे, दुरुस्तीला किती खर्च येईल आणि त्यानंतर टीव्ही आणखी किती वर्षे चालेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो. ती उत्तरे कशी शोधायची, ते पाहू.

बिघाड टीव्हीतच आहे का?

मेकॅनिकला बोलावण्याआधी दहा मिनिटे घरीच तपासणी करावी. अनेकदा दोष टीव्हीत नसतोच. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातल्या ज्या ३८ शहरांचा समावेश होता, त्यांत सोलापूरही होते. त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून शहरातल्या केबलच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असतो. हा बॉक्स, त्याचा अडॅप्टर किंवा एचडीएमआय केबल खराब झाली तरी "टीव्ही गेला" असेच वाटते.

- टीव्हीचा मेनू उघडून पाहावा. मेनू स्वच्छ दिसत असेल आणि चॅनेलच दिसत नसेल, तर दोष बॉक्समध्ये, केबलमध्ये किंवा सिग्नलमध्ये आहे. मेनूवरही रेषा किंवा डाग दिसत असतील, तर दोष टीव्हीत आहे.
- एचडीएमआय केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. पेन ड्राइव्ह लावून एखादा व्हिडिओ चालतो का, तेही पाहावे.
- रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. स्क्रीनवर छोटा प्रकाश लुकलुकताना दिसला, तर रिमोट ठीक आहे.
- प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावावा. टीव्हीला बाहेरून अडॅप्टर असेल तर तोही तपासून घ्यावा.
- टीव्ही मुख्य स्विचवरून बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावा. अडकलेले सॉफ्टवेअर यानेही सुटते.

मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असते. जुन्या डब्ब्याच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत तर हा धोका कितीतरी जास्त असतो.

टीव्हीच्या आत काय काय असते?

एलईडी टीव्हीचे पाच मुख्य भाग असतात. पॉवर सप्लाय बोर्ड विजेचे रूपांतर करतो. मदरबोर्ड, म्हणजे मेन बोर्ड, चित्र, आवाज आणि ॲप सांभाळतो. टी-कॉन बोर्ड पडद्यावर चित्र मांडण्याचे काम करतो. पडद्यामागे बॅकलाइट म्हणजे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि सगळ्यात पुढे असते पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा.

यातले पॅनेल सर्वांत महाग असते. टीव्हीच्या एकूण किमतीचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. म्हणून पॅनेल गेले की दुरुस्ती सहसा परवडत नाही, आणि पॅनेल शाबूत असेल तर बहुतेक वेळा परवडते. "पॅनेल गेलंय" हे वाक्य ऐकून लगेच नवा टीव्ही घेण्याआधी ते खरे आहे का, याची खात्री करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

लक्षणांवरून अंदाज

आवाज येतो, पण पडदा काळा: खोलीत अंधार करून टीव्ही चालू ठेवावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरपा धरावा. पुसटसे चित्र हलताना दिसले, तर पॅनेल चालू आहे आणि बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग बंद पडला आहे. एलईडी टीव्हीतला हा नेहमीचा बिघाड आहे आणि तो दुरुस्त होतो. अनेक टीव्हींमध्ये या पट्ट्या माळेसारख्या जोडलेल्या असतात, त्यामुळे एक एलईडी गेला तरी सगळा प्रकाश बंद होऊ शकतो. एकच एलईडी बदलणे स्वस्त पडते, पण बाकीचेही तेवढेच जुने असतात. म्हणून सगळ्या पट्ट्या एकदम बदललेल्या बऱ्या.

पडद्यावर पांढरे गोल ठिपके किंवा निळसर-जांभळी झाक: हाही बॅकलाइटचाच दोष. एलईडीवरची छोटी भिंग निखळली की ठिपके दिसतात. एलईडी जुने झाले की रंग निळा पडतो.

लाल दिवाही लागत नाही: फ्यूज, अडॅप्टर किंवा पॉवर सप्लाय बोर्ड. फुगलेले कपॅसिटर हे यामागचे नेहमीचे कारण. बहुधा कमी खर्चात होणारी दुरुस्ती.

कंपनीचे नाव दिसते आणि टीव्ही पुन्हा बंद होतो: मदरबोर्ड किंवा सॉफ्टवेअर. आधी सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहावे, बोर्ड बदलण्याचा विचार नंतर करावा.

वरपासून खालपर्यंत एक बारीक रंगीत रेषा: बहुधा पॅनेलच्या कडेची जोडणी सुटलेली असते. ती पुन्हा जोडण्याचे काम विशेष यंत्रावरच होते आणि ते किती टिकेल, याची खात्री देता येत नाही. एखादी रेषा सहन होत असेल, तर टीव्ही तसाच वापरणे हाही एक पर्याय आहे.

अर्धा पडदा पांढरा, चित्र विस्कटलेले: दोष टी-कॉन बोर्डात, रिबन केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये असू शकतो. इथे दुसऱ्या मेकॅनिकचे मत जरूर घ्यावे, कारण पहिल्या दोन शक्यता स्वस्तातल्या आहेत आणि तिसरी महागातली.

पडद्याला तडा, आत शाई सांडल्यासारखा काळा डाग: पॅनेल फुटले आहे. सर्वसाधारण वॉरंटीत हे बसत नाही आणि दुरुस्तीही क्वचितच परवडते.

आधी बिल शोधावे

टीव्हीवर सहसा एक वर्षाची वॉरंटी असते. काही कंपन्या पॅनेलवर त्याहून जास्त काळ देतात. विकत घेताना वाढीव वॉरंटी घेतली होती का, हेही आठवून पाहावे. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या मेकॅनिककडून टीव्ही उघडून घेऊ नये. कंपनी तेच कारण पुढे करून दुरुस्ती नाकारू शकते. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवावा आणि तक्रार नोंदवताना मिळालेला क्रमांक जपून ठेवावा.

वॉरंटी संपली असेल तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून खर्चाचा अंदाज घ्यायला हरकत नाही. सर्व्हिस सेंटर अनेकदा पूर्ण बोर्डच बदलते, म्हणून तिथला खर्च जास्त येतो. बाहेरचा कुशल मेकॅनिक त्याच बोर्डावरचा एखादा सुटा भाग बदलून काम भागवतो. दोन्ही आकडे हातात असले की तुलना करता येते.

निम्म्या किमतीचा नियम आणि त्याची मर्यादा

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्यावा, असा एक ढोबळ नियम सगळीकडे सांगितला जातो. लक्षात ठेवायला तो सोपा आहे, पण टीव्हीचे वय तो धरत नाही. त्याऐवजी "दर वर्षाला किती पडले" असा हिशोब केला तर चित्र जास्त स्पष्ट होते. पुढची तिन्ही उदाहरणे कल्पित आहेत. आपल्याला मिळालेले आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत.

पहिले उदाहरण: ४३ इंची टीव्ही, वय पाच वर्षे, बॅकलाइट गेला. दुरुस्ती ४,००० रुपये, नंतर तीन वर्षे चालेल असा अंदाज. म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० रुपये. तसाच नवा टीव्ही २४,००० रुपयांचा आणि तो आठ वर्षे चालला, तर वर्षाला ३,००० रुपये. दुरुस्ती सरळ फायद्याची.

दुसरे उदाहरण: तोच टीव्ही, पण पॅनेल गेले. दुरुस्ती १६,००० रुपये आणि नंतरचा भरवसा दोन-तीन वर्षांचा. वर्षाला पाच ते आठ हजार रुपये. इथे नवाच बरा.

तिसरे उदाहरण: ३२ इंची टीव्ही, वय आठ वर्षे, मदरबोर्ड गेला. दुरुस्ती ४,५०० रुपये, नंतर दोन वर्षे धरली तर वर्षाला २,२५० रुपये. नवा १२,००० रुपयांचा टीव्ही आठ वर्षे चालला, तर वर्षाला १,५०० रुपये. निम्म्या किमतीचा नियम इथे "दुरुस्त करा" असे सांगेल, पण वर्षाचा हिशोब नव्याच्या बाजूने जातो. नवा टीव्ही पाचच वर्षे टिकला तर मात्र वर्षाला २,४०० रुपये पडतात आणि दोन्ही पर्याय जवळपास सारखे होतात. स्वस्तातला स्वस्त टीव्ही घेताना हे ध्यानात ठेवावे.

सोलापुरात टीव्ही का बिघडतात?

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर टांगलेला टीव्ही त्याहून जास्त तापतो. कपॅसिटर आणि बॅकलाइटचे एलईडी या दोघांचेही आयुष्य उष्णतेने घटते. त्यात घरातच माग असेल, तर सुताची कणी टीव्हीच्या मागच्या जाळीवर साचते आणि गरम हवा बाहेर पडत नाही.

विजेचा प्रश्न वेगळा. बहुतेक टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे काहीसे लिहिलेले असते. कमी दाबाने असा टीव्ही सहसा बिघडत नाही, धोका असतो तो जास्त दाबाचा. रोहित्राजवळ किंवा खांबावर न्यूट्रल तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. एकाच वेळी गल्लीतल्या अनेक घरांतले टीव्ही, पंखे, फ्रिज गेले असतील, तर हे कारण असू शकते. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरातला एमसीबी जास्त दाबापासून वाचवत नाही. त्यासाठी जास्त दाब आल्यास पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण लागते.

विजेच्या कडकडाटात नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग तर काढावाच, शिवाय डिशची किंवा केबलची वायरही काढावी. छतावरच्या डिशमधून आलेला विजेचा झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयमार्गे थेट मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. थेट पडणाऱ्या विजेपुढे स्पाइक गार्डही टिकत नाही.

दुरुस्त केलेला टीव्ही पुन्हा त्याच तापलेल्या भिंतीवर, त्याच सैल सॉकेटला लावला तर तो पुन्हा बिघडणारच. भिंतीपासून थोडी जागा सोडणे, मागची धूळ कोरड्या ब्रशने झटकणे आणि मेनूमधला बॅकलाइट पूर्ण न ठेवता थोडा कमी करणे, या तिन्ही गोष्टी फुकट आहेत आणि त्यांनी टीव्हीचे आयुष्य वाढते.

मेकॅनिकला काय विचारावे?

- नेमका कुठला भाग गेला आणि तो कसा तपासला?
- तो भाग दुरुस्त होणार की बदलणार? बदलला तर नवा की जुन्या सेटमधून काढलेला?
- तपासणीचे पैसे किती? दुरुस्ती केली नाही तर ते द्यावे लागतील का?
- दुरुस्तीवर किती दिवसांची हमी? ती कागदावर मिळेल का?
- बॅकलाइट बदलताना पॅनेल फुटले तर नुकसान कोणाचे?

यातला शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि नेमका तोच महागात पडतो. बॅकलाइटच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचायला काचेचे पातळ पॅनेल सोडवून बाजूला ठेवावे लागते. टीव्ही जितका मोठा, तितकी ही जोखीम जास्त. मोठे सेट कोण नियमित उघडतो, याची चौकशी करून मगच काम द्यावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

स्मार्ट टीव्ही फक्त मंद झाला असेल तर

चित्र आणि आवाज उत्तम, पण ॲप उघडत नाहीत किंवा अडकतात, अशीही तक्रार असते. हा बिघाड नव्हे, टीव्हीचे सॉफ्टवेअर जुने झाले आहे. नेटफ्लिक्सने १ डिसेंबर २०१९ पासून २०१० आणि २०११ मधल्या सॅमसंगच्या काही स्मार्ट टीव्हींवर सेवा बंद केली होती. ते टीव्ही बिघडलेले नव्हते. अशा वेळी एचडीएमआय पोर्टमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक घेतली की नव्या टीव्हीच्या किमतीच्या छोट्याशा भागात काम होते.

नवा घ्यायचा ठरलाच तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ३०,००० रुपये धरली, तर कराचा फरक ३,००० रुपयांचा होतो. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. म्हणून "जीएसटी कमी झाला, आता ३२ इंची स्वस्त" असे कोणी सांगितले, तर ते बरोबर नाही.

"शून्य व्याज" हप्त्याची चौकशी एका प्रश्नाने करता येते: रोख घेतला तर किती? समजा रोख किंमत २२,५०० रुपये आहे आणि हप्ते दोन हजारांचे बारा, शिवाय ५०० रुपये प्रोसेसिंग फी. म्हणजे हप्त्याने २४,५०० रुपये जातात. दोन हजारांचे व्याज नाव बदलून आलेले असते. नवी पेठेतल्या दोन-तीन दुकानांत रोख भाव विचारून तो ऑनलाइन भावाशी ताडून पाहावा. जुन्या टीव्हीचे एक्सचेंज धरण्याआधी आणि धरल्यानंतर, असे दोन्ही भाव वेगवेगळे विचारावेत.

विजेच्या बचतीचा मुद्दाही तपासून घ्यावा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही १०० वॅटचा आणि नवा एलईडी ५० वॅटचा धरला, रोज सहा तास चालला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट वाचतात. एक युनिट आठ रुपयांना धरले तर सुमारे ८८० रुपये. पण जुना टीव्हीही एलईडीच असेल, तर फरक नगण्य असतो. आकार वाढवला तर बिल उलट वाढते. खोक्यावरच्या बीईई स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील, हे लिहिलेले असते.

जुना टीव्ही कुठे द्यावा?

बॅकलाइट किंवा बोर्ड गेलेला टीव्ही भंगारात देण्याआधी दुरुस्तीवाल्याला विचारावे. शाबूत पॅनेलला किंमत असते. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि सुरुवातीच्या एलसीडी टीव्हींच्या बॅकलाइट नळ्यांत पारा. ते फोडणे आणि वायरी जाळणे, हे दोन्ही घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेकडे विचारणा करावी किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे टीव्ही द्यावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातही आहे.

फसवणूक झाली तर

वॉरंटीत असूनही दुरुस्ती होत नसेल किंवा पैसे घेऊन काम नीट केले नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून दुरुस्ती पाचशे रुपयांची असली तरी पावती घ्यावी. कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका ठिकाणी मिळावी, यासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी "राइट टू रिपेअर" पोर्टलही सुरू केले आहे.

थोडक्यात

- वॉरंटी चालू असेल, तर फक्त कंपनीकडे जावे.
- बॅकलाइट, पॉवर सप्लाय, फ्यूज, टी-कॉन किंवा आवाजाचा दोष असेल आणि टीव्ही पाच-सहा वर्षांच्या आतला असेल, तर दुरुस्त करावा.
- मदरबोर्ड गेला असेल, तर वर्षाचा हिशोब करून ठरवावे.
- पॅनेल फुटले किंवा गेले असेल, तर बहुतेक वेळा नवा घ्यावा, पण आधी दुसरे मत घ्यावे.
- नुसते ॲप चालत नसतील, तर टीव्ही बदलू नये, स्टिक घ्यावी.
- एकदा दुरुस्त केलेला टीव्ही वर्षाच्या आत दुसऱ्याच कारणाने बंद पडला, तर त्यात आणखी पैसे घालू नयेत.